बेंजो आपला, बॅन्जो त्यांचा : हसनाबादच्या पोरांना वाद्य शिकवणार कोण?

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात 'बेंजो' म्हटलं की वरात आठवते. टेम्पोवर भोंगे, मागे जनरेटर, पुढे ढोल आणि मधोमध टाईपरायटरसारखी बटणं असलेली लांबट पेटी घेऊन बसलेला वादक. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये 'बॅन्जो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, तोही याच वाद्याच्या वादकांवर.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या एखाद्या पोराला हेच नाव सांगितलं, तर त्याच्यासमोर दुसरंच वाद्य येईल. गोल कडं, त्यावर डफासारखा ताणलेला पडदा, लांब दांडी आणि पाच तारा. नाव एक, वाद्यं दोन. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. तो जपानच्या ताईशोगोतो या वाद्यापासून आला, आणि ताईशोगोतो १९१२ च्या सुमारास नागोया शहरात तयार झालं. त्यांच्या बॅन्जोची मुळं आफ्रिकेत आहेत. गुलाम म्हणून पकडून नेलेल्या माणसांनी ते वाद्य आठवणीतून अमेरिकेत पुन्हा घडवलं.

हा सगळा विषय निघाला तो एका साध्या प्रश्नावरून. अमेरिकेतल्या डोंगराळ खेड्यांत 'ब्लूग्रास' आणि त्याच्या आसपासचं जुनं लोकसंगीत लहान मुलांना शिकवण्याचं काम गेली २५ वर्षं पद्धतशीर चालू आहे. तिथेही गावं रिकामी होतायत, शाळांकडे पैसा नाही, म्हातारे वादक संपत चाललेत. मग त्यांनी हे जमवलं कसं? आणि तेच जालना जिल्ह्यातल्या, भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादमध्ये जमेल का? हसनाबाद स्वतःचं पोलीस ठाणं असण्याइतकं मोठं आहे, पण शहर म्हणावं इतकं नाही. अशी गावं महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. त्यामुळे वाचताना हसनाबादच्या जागी तुमचं गाव घातलंत तरी चालेल.

ब्लूग्रास म्हणजे नेमकं काय?

बिल मन्रो (१९११-१९९६) हा केंटकीतल्या रोझिन या खेड्यातला मॅन्डोलिनवादक. त्याच्या वाद्यवृंदाचं नाव 'ब्लू ग्रास बॉईज'. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज नावाचा बॅन्जोवादक त्यात आला आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट अशा तीन बोटांनी वेगात तारा छेडण्याची त्याची पद्धत लोकांना वेड लावून गेली. पुढे या प्रकाराला वाद्यवृंदाचंच नाव चिकटलं. बॅन्जो, मॅन्डोलिन, फिडल म्हणजे व्हायोलिन, गिटार आणि उभा मोठा बेस, एवढीच वाद्यं. ढोलताशा नाही, विजेवर चालणारं काही नाही.

आता भजनाशी तुलना करून बघा. ब्लूग्रासमध्ये लोक गोल बसतात, गाणं सगळ्यांना पाठ असतं, एकेक वादक पाळीपाळीने पुढे येऊन वाजवतो आणि बाकीचे त्याला धरून राहतात. समोर कागद नसतो. भजनात एक जण चरण घेतो, बाकीचे धरतात, मृदंगवाला मधे लग्गी लावून आपली हौस भागवतो. भजनी ठेका आठ मात्रांचा, आणि बॅन्जोवर बोटं फिरवण्याचे जे साचे शिकवतात तेही आठ-आठ स्वरांचे. तुलना फार ताणायची गरज नाही, पण दोन्हीकडे शिकण्याची रीत एकच आहे. कान देऊन ऐकायचं, मोठ्यांच्या मागे बसायचं, चुकत चुकत धरायचं.

ही रीत गावात माणसं असेपर्यंत छान चालते. माणसं पांगली की तुटते.

तिकडे काय केलं?

नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ॲलेगनी काउंटीत स्पार्टा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या प्राथमिक शाळेत हेलन व्हाइट या समुपदेशक होत्या आणि स्वतः फिडल वाजवायच्या. त्यांनी २००० मध्ये शाळा सुटल्यावर मुलांना वाद्यं शिकवायला सुरुवात केली. त्यातून 'ज्युनिअर ॲपलाचियन म्युझिशियन्स', म्हणजे 'जॅम', हा उपक्रम उभा राहिला आणि आसपासच्या राज्यांतल्या डोंगरी भागात त्याची केंद्रं निघाली. हेलन व्हाइट २०१९ मध्ये गेल्या. उपक्रम चालू आहे.

त्याची रचना बघितली तर त्यात डोळे दिपवणारं काहीच नाही. इमारत शाळेचीच. वेळ शाळा सुटल्यानंतरची, म्हणजे मुलाला आणायला-सोडायला वेगळी फेरी नाही. वाद्य मुलाला वापरायला दिलं जातं, विकत घ्यावं लागत नाही. शिकवणारे आसपासचेच वादक आणि त्यांना मानधन मिळतं. मुलं लहान गटात बसतात, बहुतेक शिक्षण कानावर, आणि गाणी त्याच परिसरातली. वर्षभरात मुलांना गावातल्या लोकांसमोर वाजवायची संधी मिळते.

यातली मानधनाची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे कलेचा विषय निघाला की 'सेवा' हा शब्द लगेच येतो. सेवा म्हणून शिकवणारा माणूस दोन महिने येतो, मग त्याच्या शेतात फवारणी निघते, कापूस वेचणीला येतो, आणि वर्ग बंद पडतो. यात त्याचा दोष नाही. ज्या कामाचे पैसे मिळतात ते आधी करावं लागतं.

हसनाबादच्या परिसराकडे काय आहे?

भरपूर आहे. फक्त त्याला कुणी 'संगीत शिक्षण' म्हणत नाही.

अखंड हरिनाम सप्ताह घ्या. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर. सातही दिवस गावातली पोरं टाळ घेऊन हरिपाठाला उभी राहतात, पावल्या खेळतात. सात-आठ वर्षांचं पोर तालात पाऊल टाकतं, लयीचं भान त्याला आपोआप येतं. शहरात याच गोष्टीसाठी पालक महिन्याची फी भरतात. पण सप्ताहाचं पोस्टर नीट वाचलंत तर लक्षात येईल की 'मृदंगाचार्य' आणि 'गायनाचार्य' यांच्यापुढे बहुतेकदा बाहेरगावचं नाव असतं. सात दिवसांसाठी वादक येतो, बिदागी घेतो, निघून जातो. गावातलं पोर त्याच्या हाताकडे टक लावून बघतं आणि आठव्या दिवशी पुन्हा मोबाईलकडे वळतं.

पैठण हे संत एकनाथांचं गाव याच मुलखातलं, म्हणजे भारुडाचं माहेर इथलंच. भोकरदनला लागून असलेल्या सिल्लोड तालुक्यातल्या रहिमाबादचे भारूडकार निरंजन भाकरे यांना महाराष्ट्र 'बुरगुंडा'मुळे ओळखायचा. एप्रिल २०२१ मध्ये ते कोरोनाने गेले. असा कलावंत गेल्यावर त्याची रेकॉर्डिंग यूट्यूबवर राहतात. हातवारे, थांबे, समोरच्या गर्दीला खेळवण्याची कला, हे शिकायला मात्र शेजारी उभं राहावं लागतं.

आणि खेड्यातला मृदंग किती लांब जाऊ शकतो, त्याचं उदाहरणही मराठवाड्यातच आहे. बीड जिल्ह्यात अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर वारकरी परंपरेतला पखवाज वाजवत पद्मश्रीपर्यंत पोहोचले. त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनी तो वारसा देशभरातल्या मैफलींत नेला. आपेगावकरांच्या घरात गुरू घरातच होता, हे मात्र विसरायला नको. ज्याच्या घरात नाही त्याचं काय, हा आपला प्रश्न आहे.

अशा मुलांसाठी वारकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच एक उत्तर काढलं होतं. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. चार वर्षांचा अभ्यासक्रम, शिक्षण विनामूल्य. महाराष्ट्रातले कितीतरी कीर्तनकार तिथून तयार झाले. पुढे त्याच धर्तीवर आळंदीत आणि इतरत्र अनेक खासगी संस्था निघाल्या. त्यातल्या काही निवासी संस्थांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेचे गंभीर प्रश्न पुढे आले आणि प्रशासनाला तपासणी करावी लागली. दहा वर्षांचं पोर घरापासून शेकडो किलोमीटरवर पाठवण्याऐवजी शिक्षक गावात आणता आला तर पालकांची निम्मी काळजी मिटते. 'जॅम'ची रचना इथे उपयोगी पडते.

मग शाळेत संगीत का नाही?

कागदावर आहे. महाराष्ट्रात पहिली ते आठवीला 'कला' हा विषय आहे आणि त्यात चित्राबरोबर गायन, वादन, नृत्य, नाट्य हे सगळं येतं. प्रत्यक्षात कला म्हणजे चित्रकलेची वही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत संगीत शिक्षकाचं वेगळं पद नसतं. ज्या गुरुजींना किंवा बाईंना आवड असते, तिथे प्रार्थनेला पेटी वाजते. त्यांची बदली झाली की पेटी कपाटात.

शिक्षण हक्क कायद्यात (२००९) एक तरतूद आहे, ती फार कमी पालकांना माहीत असते. सहावी ते आठवीची पटसंख्या १०० च्या वर असेल तर शाळेला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक मिळायला हवेत. ऐकायला छान आहे. पण लहान गावच्या शाळेत या तीन वर्गांत मिळून १०० मुलं असतात कुठे? म्हणजे जिथे दुसरा काहीच पर्याय नाही, नेमकी तीच शाळा नियमातून बाहेर पडते. आणि जिथे पट भरतो, तिथेही या निदेशकांची नेमणूक, मानधन आणि नोकरीची शाश्वती यावरून वर्षानुवर्षं तक्रारी, आंदोलनं चालू आहेत.

एक वाट २०२४ मध्ये उघडली. राज्य सरकारने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आणला. त्या दिवशी नेहमीच्या तासांपलीकडचं काही करायला वेळ ठेवलेला आहे. वेळ आहे, खोली आहे, मुलं समोर आहेत. शिकवणारा माणूस आणि वाद्य एवढंच उरतं.

पैसा आहे का? आहे, पण विखुरलेला

इथे थोडं खोलात जावं लागेल, कारण खरी अडचण इथेच आहे.

'राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना' हे लांबलचक नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यातून वृद्ध कलावंतांना २०२४ पासून दरमहा ५ हजार रुपये मिळतात. भजनी गायक, भारूडकार, गोंधळी, शाहीर, तमाशा कलावंत असे अनेक जण त्यात येतात. म्हणजे कोणत्या गावात कोण जुना कलावंत आहे, याची यादी सरकारदरबारी तयार आहे. ही यादी एका कार्यालयात, आणि कला शिकवायला माणूस मिळत नाही म्हणणारी शाळा दुसऱ्या खात्यात. दोघांची गाठ घालून देणारा कागद नाही. मानधन हा त्यांचा सन्मान आहे, त्याच्या बदल्यात काम मागणं चुकीचं ठरेल. पण ज्यांच्या अंगात ताकद आहे त्यांना शाळेत बोलावून वेगळे पैसे द्यायला काय हरकत आहे?

दुसरी योजना वाद्यांची. २०२५ च्या गणेशोत्सवाच्या वेळी राज्याने १८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपये भांडवली अनुदान जाहीर केलं, साहित्य आणि वाद्यं घेण्यासाठी. हिशेब केला तर साडेचार कोटी रुपये होतात. महाराष्ट्रात गावं आहेत ४० हजारांहून जास्त. म्हणजे वीसहून अधिक गावांमागे एक मंडळ. तरीही २५ हजारांत एक पेटी, एक मृदंग आणि टाळांच्या काही जोड्या येऊ शकतात. आठवड्यातून एक-दोन दिवस गुरुवारच्या किंवा एकादशीच्या भजनाला लागणारी ही वाद्यं बाकीचे दिवस देवळात कापडाखाली असतात. 'वाद्य मुलाला वापरायला द्या' हे अमेरिकेतलं तत्त्व इथे लावायचं तर नवी खरेदीही लागत नाही. मंडळाने फक्त किल्ली द्यायची आहे.

पण वाद्य म्हटलं की दुरुस्ती आली. मृदंगाच्या एका तोंडाला शाई असते, दुसऱ्या तोंडाला दर वेळी भिजवलेली कणीक लावावी लागते. पावसाळ्यात चामडं सैल पडतं, वाद्या ओढाव्या लागतात, कधी पुडीच बदलावी लागते. हे काम करणारे कारागीर शहरातही कमी झालेत. लहान मुलांच्या हातात वाद्य द्यायला मंडळातले जुने लोक का कचरतात, याचं हे व्यावहारिक कारण आहे. तेवढ्यासाठी दुरुस्तीचे पैसे बाजूला काढून ठेवले तर निम्मा वाद मिटतो.

तिसरी योजना केंद्राची. सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे 'सीसीआरटी', ही संस्था १० ते १४ वर्षांच्या मुलांना कला शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देते. देशभरात मिळून ६५०. पारंपरिक कलावंतांच्या घरातल्या मुलांसाठी त्यात काही जागा राखीव आहेत. रक्कम मोठी नाही आणि स्पर्धा देशाची आहे. पण गोंधळी किंवा शाहीर घरातल्या किती पालकांनी तिचं नाव तरी ऐकलंय?

आता एक अंदाजी गणित मांडतो. आकडे माझे आहेत, तुमच्या गावच्या दराने बदलून घ्या. आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास, २० मुलं. शिक्षकाला एका दिवसाचे ५०० रुपये. वर्षातले ४० आठवडे वर्ग चालला तर ८० दिवस, म्हणजे ४० हजार रुपये. मुलामागे वर्षाला २ हजार. सप्ताहासाठी गाव किती वर्गणी गोळा करतं आणि त्यातलं मंडप, भोंगे, एकेका कीर्तनावर किती जातं, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. सप्ताह बंद करा असं कुणी म्हणत नाही. पण सप्ताहाच्या वर्गणीतला एक वाटा उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांच्या मृदंगाला मिळाला, तर काही वर्षांनी पोस्टरवर गावातल्याच पोराचं नाव छापता येईल.

मोबाईलवर शिकता येणार नाही का?

तुम्ही हे मोबाईलवरच वाचताय, त्यामुळे हा प्रश्न येणारच. उत्तर आहे : एकट्याने सराव करता येईल, एकत्र वाजवता येणार नाही. यामागे साधं विज्ञान आहे.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. शेजारी बसलेल्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला ३ मिलीसेकंद लागतात, दहा मीटरवरच्याचा यायला ३०. तिथपर्यंत कान सांभाळून घेतो. त्यापुढे ताल ओढल्यासारखा वाटू लागतो. व्हिडिओ कॉलवर आवाज नेटवर्कमधून फिरून येताना १०० ते ३०० मिलीसेकंद सहज जातात. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर दोन ठोक्यांत अंतर ५०० मिलीसेकंद. दीडशेचा उशीर झाला तर ठोका जवळजवळ एक तृतीयांश मागे पडतो. गुरुजी 'धा' म्हणतात तेव्हा शिष्याची टाळी आधीच होऊन गेलेली असते.

दुसरी गंमत अशी की कॉलिंग ॲप माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात. पार्श्वभूमीचा आवाज दाबणं हे त्यांचं काम. तानपुऱ्याचा सलग नाद किंवा मृदंगाचा ठोका त्यांना गोंगाट वाटतो आणि ते तो कापतात. झूमसारख्या ॲपमध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय असते, ती चालू केली की बराच फरक पडतो. ऑनलाइन तबला-पेटी शिकत असाल तर आजच सेटिंगमध्ये जाऊन बघा.

तरीही फोन टाकाऊ नाही. तानपुऱ्याचं आणि तालाचं ॲप चालू ठेवून रियाज करता येतो. व्हिडिओचा वेग निम्मा करून बोटं बघता येतात. गुरुजींचा एक बोल रेकॉर्ड करून आठवडाभर ऐकता येतो. आठवड्याला एक दिवस माणूस समोर आणि सहा दिवस फोन, हे गणित जुळतं. सातही दिवस फोन, हे जुळत नाही.

कुणाची कला, कोण शिकणार?

'लोककला जपा' असं आपण सहज लिहून जातो. हलगी गावच्या प्रत्येक मिरवणुकीत वाजत आली, पण ती वाजवायची कुणी, हे जातीने ठरवलेलं होतं. तो मान नव्हता, ते लादलेलं काम होतं. आंबेडकरी चळवळीनंतर अनेक घरांनी ते ठरवून सोडलं. त्याच समाजातून जलसे उभे राहिले, वामनदादा कर्डकांसारखे लोककवी गावोगाव फिरले, भीमगीतांनी घराघरात ढोलकी आणि पेटी नेली. त्यामुळे हलगी शाळेत शिकवायची असेल तर ती सगळ्या जातींच्या मुलांच्या हातात पडली पाहिजे आणि शिकवणाऱ्याला 'सर' म्हटलं गेलं पाहिजे. हे जमणार नसेल तर त्या वादात न पडलेलंच बरं.

ब्लूग्रासच्या मागेही असाच इतिहास आहे. बॅन्जो मुळात काळ्या लोकांचा, पण काळाच्या ओघात तो गोऱ्या डोंगरी माणसाचं वाद्य म्हणून ओळखला जाऊ लागला. नॉर्थ कॅरोलायनाच्या गायिका-वादक रिआनन गिडन्स आणि त्यांचे साथीदार तरुणपणी जो थॉम्पसन (१९१८-२०१२) या वृद्ध काळ्या फिडलवादकाच्या घरी जाऊन शिकले, आणि त्यांच्या 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' या वाद्यवृंदाला पुढे ग्रॅमी मिळाला. खेड्यातल्या एका म्हाताऱ्याच्या घरी जाऊन शिकणाऱ्या तीन तरुणांमुळे ही परंपरा मोठ्या व्यासपीठावर आली.

मुलींचं काय? हरिपाठाला मुली उभ्या राहतात, गावोगाव महिला भजनी मंडळं आहेत. पण मृदंगावर मुलगी बसलेली किती सप्ताहांत दिसते? मुक्ताबाई, जनाबाईंचे अभंग गायचे आणि मुलीला फक्त टाळ द्यायचे. शाळेच्या खोलीत, दिवसाउजेडी, शाळा सुटल्यावर लगेच वर्ग झाला तर मुलींना घरातून परवानगी मिळणं सोपं होतं. देवळात रात्री नऊला झाला तर त्या गळतात. वेळ ठरवताना एवढा विचार केला तरी अर्धा फरक पडेल.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुलं हा वेगळाच प्रश्न आहे. जालना आणि बीड जिल्ह्यांतून दिवाळीनंतर कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. वर्षाचा सलग अभ्यासक्रम त्यांच्यासाठी निरुपयोगी. जून ते ऑक्टोबर असे पाच महिने धरून शिकवलं तर त्यांनाही काही हाती लागेल.

परीक्षा आणि दहावीचे गुण

पालक शेवटी हेच विचारतात, आणि त्यात चूक काही नाही.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ ला लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं. घराण्याच्या उंबऱ्याआड असलेलं संगीत सामान्य घरातल्या मुलाला शिकता यावं, हा त्यामागचा हेतू होता. त्यातूनच पुढे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ आलं. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि मग विशारद, अलंकार अशा त्याच्या पायऱ्या. गायन, पेटी, तबला, पखवाज या सगळ्यांच्या परीक्षा होतात. हलगी, संबळ, दिमडी, तुणतुणं वाजवणाऱ्याला अशी शिडी नाही.

शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, लोककला आणि चित्रकला यांसाठी दहावीला वाढीव गुण मिळतात. शास्त्रीयमध्ये किती परीक्षा उत्तीर्ण झालात यावर, लोककलेत किती प्रयोग केले यावर गुण ठरतात. लोककलेसाठी शासनाने मान्य केलेल्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. गावच्या जत्रेत पाच वर्षं भारूड करणाऱ्या पोराचं अडतं ते इथेच. प्रयोग झालेले असतात, प्रमाणपत्र नसतं. प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो, त्यामुळे मुख्याध्यापकांनी वेळेत विचारणा केली नाही तर गुण बुडतात.

आठवीत पहिल्यांदा पेटीला हात लावणाऱ्या मुलाच्या दहावीपर्यंत फार परीक्षा होत नाहीत. पाचवीत सुरुवात केली तर होतात. गांधर्व मंडळाच्या परीक्षा साधारण वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. पहिलं सत्र लग्नसराईत आणि जत्रांत सापडतं, दुसरं कापूस वेचणीत. त्यामुळे मूल शिकत असेल तर फॉर्म भरण्यापूर्वी जवळचं केंद्र कुठे आहे, परीक्षेच्या दिवशी तिथे जायला सकाळची एसटी आहे का आणि स्वतःचं वाद्य न्यावं लागतं का, या तीन गोष्टी शिक्षकाला आधी विचारून घ्या. मृदंग मांडीवर घेऊन दोन गाड्या बदलणं सोपं नसतं.